प्रकाशसंश्लेषण: घोडं नेमकं कुठे पेंड खातं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात, परीक्षा तोंडावर आलेले आणि कुंडीतलं झाड रुसलेले. दोघांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात की झाड साखर बनवतं कसं आणि मध्येच त्याचा वेग का मंदावतो. म्हणून सगळे एकत्र केलेत. आधी सोपे आहेत, पुढे पुढे किचकट.

१. व्याख्या पाठ आहे पण कळलेली नाही. साध्या भाषेत प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?

हवेतला कार्बन डायऑक्साईड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर साखर बनवायची, आणि या खटाटोपात ऑक्सिजन बाहेर पडतो, एवढंच. पुस्तकात ६ कार्बन डायऑक्साईड आणि ६ पाणी दिले की १ ग्लुकोज आणि ६ ऑक्सिजन असं समीकरण असतं, पण तो शेवटचा जमाखर्च आहे, कृती नाही. पानात थेट ग्लुकोज तयार होऊन पडत नाही, आधी तीन कार्बनवाली छोटी शर्करा बनते, तिच्यापासून सुक्रोज होऊन ते बाकीच्या झाडाला जातं नाहीतर स्टार्च होऊन हरितलवकातच (पेशीतली हिरवी पिशवी, जिथे हे सगळं चालतं) साठून राहतं.

२. झाड एवढं वाढतं ते मातीतूनच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार जुना आहे. व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने ९० किलोच्या आसपास कोरडी माती मोजून घेतली, त्यात २ किलोहून थोडं जास्त वजनाचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं साधारण ७७ किलोचं आणि माती कमी झाली जेमतेम ५७ ग्रॅम! हे १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर, छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं, म्हणजे अर्धं बरोबर, कारण हवेचा हिशोब त्याने धरलाच नव्हता. वाळलेल्या लाकडातला कार्बन जवळजवळ सगळा हवेतून आलेला असतो. मातीतून येतात ती खनिजं, प्रमाणाने थोडी पण त्यांच्यावाचून अडतं (प्रश्न १५).

३. कार्बन डायऑक्साईडमधला कार्बन ठेवून झाड ऑक्सिजन सोडून देतं, बरोबर ना?

ऐकायला पटतं पण चूक. सुटणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो. व्हॅन नील हा शास्त्रज्ञ काही जांभळ्या बॅक्टेरियांवर काम करत होता, ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाईड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक बाहेर टाकतात. त्यावरून त्याने अंदाज बांधला की मग वनस्पती पाणी फोडत असणार. १९४१ मध्ये रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन (नेहमीच्यापेक्षा वजनदार, म्हणून ओळखू येणारा) असलेलं पाणी शेवाळाला दिलं आणि तोच जड ऑक्सिजन वायू होऊन बाहेर आला, वाद मिटला. हे लक्षात ठेवा, प्रश्न १३ मध्ये लागणार आहे.

४. पानाच्या आत स्टेप बाय स्टेप काय होतं?

दोन टप्पे आहेत. पहिला हरितलवकाच्या आतल्या पडद्यांवर चालतो, तिथे हरितद्रव्य म्हणजे पानाचं हिरवं रंगद्रव्य प्रकाश शोषतं, त्या ऊर्जेने पाणी फुटतं, इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे जात जात शेवटी दोन गोष्टी तयार होतात, एटीपी आणि एनएडीपीएच. एटीपी म्हणजे ऊर्जेची सुट्टी नाणी समजा आणि एनएडीपीएच म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा हमाल. दुसरा टप्पा पडद्यांबाहेरच्या द्रवात. तिथे रुबिस्को नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन) कार्बन डायऑक्साईड पकडून एका पाच कार्बनवाल्या रेणूला चिकटवतं, आणि मग ही नाणी आणि इलेक्ट्रॉन खर्च करून त्यातून शर्करा निघते. हे चक्र कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडलं, १९६१ चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विनला मिळालं. (बेन्सनवर अन्याय झाला असं मला वाटतं, पण तो विषय वेगळा.) एक कार्बन डायऑक्साईड बसवायला ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच लागतात, आणि एवढं जमवायला प्रकाशाचे कमीत कमी ८ फोटॉन.

५. डार्क रिॲक्शन रात्री होते का?

नाही नाही नाही. हे नावच घोटाळ्याचं आहे. त्या टप्प्याला प्रकाश थेट लागत नाही एवढाच त्याचा अर्थ, पण पहिल्या टप्प्याचा माल लागतो आणि तो साठवून ठेवता येत नाही, अंधार झाला की थोड्याच वेळात संपतो. शिवाय या चक्रातली काही एन्झाइम्स प्रकाश असतानाच चालू होतात आणि अंधारात बंद पडतात. त्यामुळे हे चक्रसुद्धा दिवसाच चालतं. कॅल्विन चक्र म्हणा, गोंधळच मिटेल. निवडुंगाचं काय असं विचारणार असाल तर प्रश्न १२ बघा.

६. पानं हिरवी दिसतात म्हणजे हिरवा प्रकाश पूर्ण वाया जातो का? आणि लाल पानांचं काय?

पूर्ण नाही. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जोरात शोषतं, हिरवा कमी, म्हणून जो थोडा परत येतो तो आपल्या डोळ्यांना दिसतो. पण पान म्हणजे हरितद्रव्याचा पातळ थेंब नव्हे, आत पेशींचे थर असतात, हिरवा किरण इकडून तिकडे आपटत राहतो आणि त्यातला बराचसा शेवटी शोषला जातोच, उलट तो पानाच्या खोल थरांपर्यंत पोचतो जिथे लाल आणि निळा पोचत नाहीत.

लाल, जांभळ्या पानांत हरितद्रव्य असतंच, वरून अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याने झाकलेलं असतं. पानावर पांढरे पट्टे असतील तर मात्र त्या पांढऱ्या भागात खरोखरच हरितद्रव्य नसतं आणि तिथे साखर बनत नाही. अल्कोहोलने पानाचा हिरवा रंग काढून वर आयोडीन टाकायचा प्रयोग असतो, स्टार्च असेल तिथे निळा रंग येतो, त्यात तो भाग निळा होत नाही तो यामुळेच. (अल्कोहोल थेट आचेवर तापवू नका, पेट घेतं, गरम पाण्यात भांडं ठेवूनच करा.)

७. लिमिटिंग फॅक्टर, लिमिटिंग फॅक्टर सगळे म्हणतात, म्हणजे काय ते एकदाचं सांगा.

या सगळ्या प्रश्नांचा गाभा हाच आहे म्हणून जरा सविस्तर. ब्लॅकमन या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडलं की एखादी प्रक्रिया बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असेल तर तिचा वेग सगळ्यांच्या सरासरीने ठरत नाही, त्या क्षणी जी गोष्ट सगळ्यात अपुरी पडतेय ती ठरवते. समजा चार जण मिळून विटा पोचवतायत, हातोहात, आणि तिसरा हळू आहे. पहिल्याला कितीही खाऊपिऊ घाला, भिंतीपाशी विटा तिसऱ्याच्याच वेगाने येणार. तिसऱ्याला बदललंत की मग दुसऱ्या कुणाचं तरी हळूपण उघडं पडतं.

झाडाचंही तसंच. प्रकाश, कार्बन डायऑक्साईड, तापमान, पाणी, पानातली एन्झाइम्स आणि हरितद्रव्य, यात घोडं कुठे पेंड खातंय ते आधी शोधायचं. अडचण प्रकाशाची असताना खत ओतलं तर काहीही होत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात.

आणि हा अडवणारा घटक कायमचा एक नसतो. पहाटे प्रकाश अडवतो, दहा अकराला तोच प्रकाश उतू जातो आणि कार्बन डायऑक्साईड कमी पडायला लागतो, भर दुपारी पाणी. एकाच पानात, एकाच दिवसात! वरची ऊन खाणारी पानं आणि खालची सावलीतली पानं यांचा अडवणारा घटक एकाच क्षणीसुद्धा वेगळा असू शकतो. ब्लॅकमनच्या आलेखात रेघ सरळ वर जाऊन एकदम काटकोनात वळते, खऱ्या पानात ती हळूहळू वाकते, कारण वळणापाशी दोन घटक मिळून थोडं थोडं अडवत असतात.

८. प्रकाश दुप्पट केला तर वेग दुप्पट होतो का?

मंद प्रकाशात, हो, जवळजवळ. पुढे नाही. अगदी अंधारात पान फक्त श्वास घेत असतं म्हणजे कार्बन डायऑक्साईड सोडत असतं. प्रकाश वाढवत नेला की एक वेळ अशी येते की जेवढा सोडला तेवढाच घेतला, याला भरपाई बिंदू म्हणतात, आणि इथेच कायम अडकलेलं झाड जगतं पण वाढत नाही. त्यापुढे वेग सरळ चढतो आणि मग सपाट होतो. बऱ्याचशा साध्या वनस्पतींचं एकेकटं पान दुपारच्या उन्हाच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच भरून पावतं, उरलेलं ऊन त्याला नकोच असतं. पण पूर्ण झाडाचं तसं नाही, खालची पानं वरच्यांच्या सावलीत असतात त्यामुळे अख्खं झाड जास्त प्रकाश पचवू शकतं.

घरात कुंडी ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. बाहेर दुपारी १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो आणि खोलीत काही शे, आपल्याला मात्र दोन्हीकडे छान उजेड आहे असंच वाटतं. झाडाला तसं वाटत नाही.

९. मग जास्त उन्हाने नुकसान होतं का, की नुसतं वाया जातं?

आधी वाया जातं, मग नुकसान होतं. जादा ऊर्जा पान उष्णता करून सोडून देतं, त्यासाठी खास रंगद्रव्यांची सोय असते, हरितलवक पेशीच्या कडेला सरकून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. तेही पुरलं नाही तर पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रोटीन मोडतं. ते तसंही रोज मोडतं आणि रोज नवीन बसतं, फक्त मोडायचा वेग दुरुस्तीपेक्षा वाढला की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. सावलीत वाढलेलं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं की पांढरे चट्टे येतात ते यामुळेच, आठवडाभर हळूहळू ऊन दाखवा.

१०. कार्बन डायऑक्साईड वाढतोय म्हणजे झाडांना चांगलंच ना?

हा प्रश्न भांडायच्या तयारीनेच विचारला जातो म्हणून नीट सांगतो. हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या जरा वर आहे, म्हणजे दहा लाखात ४२० पेक्षा जास्त, कारखाने सुरू व्हायच्या आधी २८० च्या आसपास होता. भरपूर ऊन, पाणी आणि खत असेल तर गहू, भात, सोयाबीन अशा पिकांचा वेग हा वायू वाढवल्यावर खरंच वाढतो, बंदिस्त हरितगृहांत मुद्दाम ८०० ते १००० पर्यंत नेतात ते उगाच नाही. पण मका, ऊस, ज्वारी यांना फारसा फरक पडत नाही (कारण प्रश्न ११ मध्ये). आणि बाहेर मोकळ्यावर नत्र किंवा पाणी कमी असेल तर फायदा तिथेच अडतो, बघा प्रश्न ७. शिवाय अशा वाढीव हवेतल्या गहू, भाताच्या दाण्यात प्रोटीन, जस्त, लोह कमी भरतं, आणि सोबत वाढणारी उष्णता आणि दुष्काळ आहेतच. तेव्हा “झाडांना खाऊ मिळतोय” हे अर्धसत्य आहे.

११. रुबिस्को एवढं महत्त्वाचं तर त्याला लोक नावं का ठेवतात? आणि सी-३, सी-४ ही काय भानगड?

कारण ते हळू आहे आणि वर धांदरट आहे. बरीचशी एन्झाइम्स सेकंदाला शेकड्याने, हजाराने रेणू हाताळतात, रुबिस्को सेकंदाला साधारण तीन. म्हणून झाड ते ढिगाने बनवतं, पानातल्या विरघळणाऱ्या प्रोटीनपैकी निम्म्यापर्यंत तेच असू शकतं. दुसरं म्हणजे ते कार्बन डायऑक्साईडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतं, आणि मग झालेली चूक निस्तरायला ऊर्जाही जाते आणि आधी पकडलेला थोडा कार्बनही हातचा जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. उष्णता वाढली की ही चूक वाढते. बिचाऱ्याची बाजू घ्यायची तर ते घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच.

ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी यावर तोड काढली. बाहेरच्या पेशींत दुसरंच एन्झाइम, जे ऑक्सिजनला भुलत नाही, कार्बन पकडून चार कार्बनवालं आम्ल बनवतं (म्हणून सी-४), ते आम्ल शिरांभोवतीच्या पेशींत जातं, तिथे कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि रुबिस्कोभोवती त्याची एवढी गर्दी होते की ऑक्सिजनला वावच राहत नाही. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावर काम करून हे मांडलं. पण फुकट नाही बरं, प्रत्येक कार्बनमागे २ एटीपी जास्त लागतात, म्हणून थंड, सावलीच्या जागी सी-३ वालेच (गहू, भातासारखे, ज्यांच्यात रुबिस्कोच थेट कार्बन पकडतं आणि आधी तीन कार्बनवाला रेणू बनतो) सरस ठरतात.

१२. निवडुंग दिवसा पर्णरंध्रं (हवा आतबाहेर जायची बारीक छिद्रं) बंद ठेवतो म्हणे, मग तो खातो काय?

रात्री उघडतो. निवडुंग, अननस, कोरफड, पानफुटी ही मंडळी रात्री गारव्यात कार्बन डायऑक्साईड घेऊन मॅलिक आम्ल म्हणून साठवतात आणि दिवसा दारं लावून आतल्या आत तोच वापरतात, पाणी वाचतं. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं असं १८१५ मध्येच छापून आलेलं आहे, कुणी तरी चघळून बघितलं होतं, तुम्ही बघू नका, त्यात विषारी द्रव्यं असतात. यांचा अडवणारा घटक बहुतेक वेळा साठवणीची जागा असतो, रात्रभरात जेवढं आम्ल मावलं तेवढंच उद्याचं भांडवल, म्हणून वाढ मंद.

१३. अमुक झाड रात्रीही ऑक्सिजन सोडतं, हे खरं का? आणि रात्री झाडाजवळ झोपणं धोक्याचं का?

दोन्ही नाही. ऑक्सिजन पाणी फुटून येतो (प्रश्न ३) आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो, अंधारात कुठल्याच झाडाला ते जमत नाही. प्रश्न १२ मधली झाडं रात्री कार्बन डायऑक्साईड घेतात, त्याचा अर्थ लोकांनी परस्पर ऑक्सिजन सोडतात असा लावला. आणि रात्री झाड श्वास घेतं खरं, पण एक कुंडी जेवढा ऑक्सिजन घेते त्याच्या कितीतरी पट शेजारी झोपलेला माणूस घेतो, त्याला तर आपण खोलीबाहेर काढत नाही.

१४. पाणी कमी पडलं की प्रकाशसंश्लेषण थांबतं कारण पाणी हा कच्चा माल आहे, बरोबर?

उत्तर बरोबर, कारण चूक. कच्चा माल म्हणून लागणारं पाणी अगदी किरकोळ, मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून जास्त वाफ होऊन उडून जातं. खरी गोष्ट अशी की ज्या पर्णरंध्रातून कार्बन डायऑक्साईड आत येतो त्यातूनच वाफ बाहेर जाते, आणि एक रेणू आत घ्यायला पाण्याचे काही शे रेणू गमवावे लागतात. पाणी टंचाई आली की झाड दारं लावून घेतं, म्हणजे खरी उपासमार कार्बनची होते. भर दुपारी माती ओली असतानासुद्धा वेग खाली येऊन चारच्या सुमारास परत वर येतो, तेही याच कारणाने, हवा इतकी कोरडी असते की मुळांचा पुरवठा पुरत नाही. त्या वेळी पान मलूल दिसलं म्हणून आणखी पाणी ओतू नका, मुळं कुजतील.

१५. पानं पिवळी पडलीत, हरितद्रव्य वाढवायला काय घालू?

कुठली पानं पिवळी ते आधी बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर बहुतेक नत्र कमी आहे. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध तेच बसलेलं असतं. नवीन कोवळी पानं शिरा सोडून पिवळी असतील तर लोह. लोह हरितद्रव्यात नसतं पण ते बनवायला लागतं, आणि चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. आणि पाणी साचलेलं असेल तर यातलं काहीही घालून उपयोग नाही.

१६. तापमान वाढलं की वेग वाढतो की कमी होतो? पुस्तकात दोन्ही लिहिलंय.

दोन्ही खरं आहे. एन्झाइम्सचं काम दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणून सुरुवातीला वेग चढतो. सी-३ वनस्पतींना साधारण २० ते ३० अंश सेल्सियस मानवतं, सी-४ ना ३० ते ४०. त्यापुढे रुबिस्कोच्या चुका वाढतात आणि रुबिस्कोला चालू ठेवणारं एक मदतनीस प्रोटीन उष्णतेने लवकर ढेपाळतं. पण प्रकाश मंद असेल तर तापमान वाढवून जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण प्रकाश शोषण्याचं काम तापमानाला फारसं जुमानत नाही. उलट श्वसन वाढतं आणि झाड तोट्यात जातं. अंधाऱ्या उबदार खोलीत रोपं लांबट आणि फिकट होतात, त्यात या तोट्याचाही हात असतो.

१७. पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजायचा प्रयोग केला, दिवा जवळ आणला तरी बुडबुडे वाढेनात. चुकलं कुठे?

कदाचित काहीच चुकलं नाही. दिव्याचं अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो, त्यामुळे पटकन अशी वेळ येते की प्रकाश भरपूर आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईड संपत आलेला. चिमूटभर खायचा सोडा टाका, वेग परत चढला तर अडवणारा घटक सापडला. दुसरं, दिवा जवळ आला की पाणी तापतं आणि तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलता, म्हणून मध्ये पाण्याने भरलेलं काचेचं भांडं ठेवा किंवा एलईडी वापरा. दर वेळी अंतर बदलल्यावर पाचेक मिनिटं थांबा. आणि बुडबुडे लहान मोठे असतात, मोजण्यापेक्षा वायू नळीत गोळा करून किती जमला ते बघितलेलं बरं.

१८. उन्हातली किती टक्के ऊर्जा झाडात साठते?

फार थोडी. निम्म्याहून जास्त ऊर्जा अशा तरंगलांबीत असते जी पानाला वापरताच येत नाही, मग थोडं परावर्तन, बरंचसं उष्णतेत, थोडं श्वसनात. सगळं जुळून आलं तरी सी-३ साठी ४.६ टक्के आणि सी-४ साठी ६ टक्के ही कमाल मर्यादा काढलेली आहे, शेतात प्रत्यक्ष १ ते २ टक्केही चांगले म्हणायचे. सोलर पॅनेलशी तुलना करून झाडाला हिणवू नका, पॅनेल स्वतःची दुरुस्ती करत नाही आणि पिल्लंही घालत नाही.

१९. समजा प्रकाश, पाणी, वायू, खत, तापमान सगळं मनासारखं दिलं, मग वेगाला मर्यादाच नाही का?

आहे, आणि ती पानाच्या बाहेर असू शकते. बनलेली साखर कुणीतरी उचलायला हवी, फळं, मुळं, कंद, नवीन शेंडे. उचल कमी झाली की पानात साखर आणि स्टार्च तुंबतं, फॉस्फेट त्यातच अडकून पडतं, एटीपी बनवायला फॉस्फेट उरत नाही आणि सगळं चक्रच धीमं होतं. फळं तोडून टाकलेल्या झाडाच्या पानांचा वेग पुष्कळदा उतरतो तो यामुळे, आणि लहान कुंडीत मुळं गच्च झालेल्या रोपाचंही बऱ्याचदा हेच होतं. तेव्हा सगळं देऊनही झाड ढिम्म असेल तर एकदा कुंडी उलटी करून मुळं बघा.